हाक कोणत्या कड्यावरून आली

१

मर्विन कटन्सने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, आतलं फ्लॅनेलचं गाठोडं सोडलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

आवाज टिपून ठेवणारं त्याचं छोटं यंत्र जसंच्या तसं होतं. त्याच्या पोटातलं नखाएवढं कार्ड मात्र नव्हतं.

बोटीवर नाश्त्याचं टेबल मांडलेलं होतं. छपरावर पाऊस वाजत होता. खिडकीबाहेर हॉल आर्म या खाडीचे दोन्ही कडे ढगांत शिरले होते, आणि त्यांच्या अंगावरून रात्रीतून जन्मलेले धबधबे उतरत होते. इतके बारीक, इतके सावकाश, की पाणी खाली येतंय की कडाच वर चाललाय हे कळू नये.

"नीट बघ," त्याची बायको नोएलीन म्हणाली. तिच्या हातातल्या विणायच्या सुया चालूच होत्या.

"नीटच बघितलंय." मर्विनने यंत्र कानाशी नेऊन हलवलं, जणू कार्ड आतून ओ देईल. मग त्याने समोर बसलेल्या डॉक्टर क्रेसवेलकडे पाहिलं. "खूश असशील आता."

"मर्विन, मी हात लावलेला नाही."

"तीस वर्षं तू काही करायचं बाकी ठेवलं होतंस का?"

तीस वर्षांपूर्वी याच खाडीत मर्विनने कोकाकोची हाक ऐकली होती. दक्षिणेकडचा कोकाको, करड्या अंगाचा, चोचीखाली नारिंगी मांसाचे दोन गोल ठिपके असलेला. तो पक्षी संपला असं सगळेच धरून चालले होते. मर्विन तेव्हा शाळामास्तर होता. त्याने पक्ष्यांच्या समितीला कळवलं, आणि समितीवरच्या क्रेसवेलने उत्तर पाठवलं, पुरावा अपुरा. तेव्हापासून वर्गातली पोरं पाठीमागून शिट्ट्या मारत. आजही दारूच्या गुत्त्यात कोणीतरी विचारतंच, "काय मर्व, तुझा पक्षी काय म्हणतोय?" आता त्याचे कान जात चालले होते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिवाळा संपेपर्यंत काय ऐकायचं ते ऐकून घ्या. म्हणून ही शेवटची फेरी, आणि म्हणून क्रेसवेललाही त्याने हट्टाने बोलावलं होतं. ये, आपल्या कानांनी ऐक.

आणि काल संध्याकाळी ती हाक खरोखरच आली होती. सगळ्यांनी ऐकली होती. ती त्या कार्डात होती.

"दुपारी आपण डीप कोव्हच्या धक्क्याला लागू," रोना म्हणाली. 'मॉलीमॉक' ही बोट तिची, आणि ती चालवायचीही तीच. "तिथे बस उभी असेल. एकदा तुम्ही पांगलात की संपलं. माझ्या बोटीवर चोरी झाली असं मी कोणाला म्हणू देणार नाही. सगळ्यांच्या बॅगा इथे आणा. खिसेही."

बॅगा आल्या, खिसे उलटे झाले. क्रेसवेलच्या खिशातून मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या, आचारी रावीरीच्या खिशातून कांद्याची सालं. कार्ड निघालं नाही. तेवढ्यात नोएलीनने शेवटचा टाका घालून लोकर तोडली आणि नवी करडी टोपी नवऱ्याच्या डोक्यात घातली. "कान झाक. गारठशील."

मर्विनने तिला घालू दिली. त्याचं लक्षच नव्हतं.

टेबलाच्या टोकाला लायनेल बेग हातात चीझ रोल घेऊन बसला होता, आणि आपल्याकडे कोणी बघू नये अशी त्याची इच्छा होती.

"लायनेल," रोना म्हणाली, "काल जेवताना तुम्ही सांगत होता ना, विमा कंपनीत होतात म्हणून? आगी तपासायला?"

"होतो. निवृत्त झालो. म्हणजे... फारसा हुशार नव्हतो मी त्यात."

"घर आपोआप जळलं की जाळलं, ते तुम्ही ओळखायचात."

"कधी कधी."

"मग आज ओळखा," रोना म्हणाली आणि नांगर उचलायला निघून गेली.

२

लायनेल गोर गावचा. सत्तरीचा, एकटा, पुस्तकांत रमणारा. लोकांशी बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल होत. नोकरीत त्याला एकच प्रश्न नीट विचारता यायचा, आणि त्याच प्रश्नावर त्याने पस्तीस वर्षं काढली होती: तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? माणूस का आणि कशाला यांची उत्तरं घडवून देतो. कुठे उभा होता हे सांगताना त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

तो आधी सुकाणूच्या केबिनमध्ये रोनाकडे गेला. ही केबिन बोटीच्या बरोबर मध्यावर, डेकपेक्षा पुरुषभर उंच. डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार, आणि मागून एक अरुंद जिना खालच्या निजायच्या खोल्यांकडे उतरत होता.

"ते कार्ड तुम्हाला नको होतं ना?" त्याने विचारलं, आणि लगेच पुढे जोडलं, "माफ करा, असं विचारायला नको."

"विचारा की. नकोच होतं." रोनाने धुक्यावरची नजर काढली नाही. "उद्या रेडिओवर ही बातमी लागली की परवा इथे हेलिकॉप्टरं घिरट्या घालतील. मग कसला पक्षी आणि कसली शांतता. आणि आधी त्याने माझा नियम मोडला."

तो नियम 'मॉलीमॉक'वर आलेल्या प्रत्येकाला माहीत होता. संध्याकाळी खाडीच्या मध्यावर रोना बोट थांबवायची. त्याआधी शेवंडी पकडायचा एक जुना पिंजरा सगळ्यांपुढे फिरायचा. फोन, कॅमेरे, टिकटिकणारी घड्याळं, सगळं त्यात. मग इंजिन बंद, जनरेटर बंद, फ्रिजसुद्धा बंद. जो जिथे असेल त्याने तिथेच झाडासारखं उभं राहायचं. इथलं काहीही घरी न्यायचं नाही, फक्त ऐकायचं, असं रोना सांगायची, आणि कोणी कुरकुर केली तर तिकिटाचे पैसे परत करायची. काल मर्विनने फोन पिंजऱ्यात टाकला होता, पण कोटाच्या आत ते यंत्र चालू ठेवलं होतं आणि बारीक माइक कॉलरला अडकवला होता. नंतर चहाच्या वेळी त्याने स्वतःच ते बाहेर काढलं, रोनाची माफी मागितली आणि सांगितलं, मी वाजवणार नाही. माझ्या कानांवर माझाच भरवसा नाही. आधी क्रेसवेलच्या चांगल्या यंत्रावर ऐकू, मग जगाला सांगू.

"तुम्ही कुठे उभ्या होतात?" लायनेलने विचारलं.

"उजव्या कठड्याशी. केबिनची दोन्ही दारं उघडी टाकून मी खाली उतरते. रेडिओ बोलला तर ऐकू यायला हवा."

"आणि हाक?"

रोनाचा हात सुकाणूवरून सुटून आपोआप वर गेला. "उजव्या कड्यावरून. ते मोडक्या शेंड्याचं रिमूचं झाड दिसतं ना, त्याच्या खालून. शपथेवर सांगते. तीनदा आली. पहिली मोठी, मग लहान, मग आणखी लहान."

क्रेसवेल डाव्या कठड्याशी पावसात भिजत उभा होता. डासांपेक्षा बारीक चावऱ्या माश्या त्याच्या टक्कलावर बसत होत्या आणि तो त्यांना हाकलतही नव्हता.

"तुम्हाला वाटतंय मीच घेतलं," तो म्हणाला.

"मला अजून काहीच वाटत नाहीये. मला वाटायला वेळ लागतो."

"घेतलं असतं तर आधी ऐकलं असतं, लायनेल. रात्रभर ऐकत बसलो असतो." त्याने खाली पाण्यात पाहिलं. वरचं पाणी पावसाचं, चहाच्या रंगाचं, आणि त्याखाली काळोख. "त्याच्या प्रत्येक पत्राला मी तेच उत्तर दिलं. पुरावा अपुरा. काल मी ती माझ्या कानांनी ऐकली. मी चुकलो होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू."

"हाक कुठून आली?"

क्रेसवेलने हात वर केला. "इथून. डाव्या कड्यावरून, त्या दोन धबधब्यांच्या मधून. तीन हाका. याबद्दल शंकाच नको."

लायनेलने डाव्या कड्याकडे पाहिलं. मग वळून उजव्या कड्याकडे. दोघांच्या मधून अख्खी खाडी पसरली होती.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. नाहीतर दोघंही खरं बोलत होते, आणि ते तर त्याहून अवघड होतं.

३

रावीरी मागच्या बाजूला स्वयंपाकघरात ब्लू कॉड मासे सोलत होता. चाळिशीचा, दार भरून टाकेल असा.

"आलात का साहेब? मी वाट बघत होतो. परवा झाडाचं पान ओठात धरून तुई पक्ष्याचा आवाज काढून दाखवला ना मी? डॉक्टरसाहेब तेव्हापासून माझ्याकडे असे बघतायत, जणू मी खिशात जंगल घेऊन फिरतो."

"काढता येईल का तुम्हाला? कोकाकोचा?"

"कधी ऐकलाच नव्हता तर काढू कुठून? तुई जे ऐकतो ते म्हणतो, मीही तसाच." त्याने सुरी खाली ठेवली. "हाक आली तेव्हा मी इथे होतो, एका हातात कांदा, दुसऱ्या हातात सुरी. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायची सोय नाही. हललो असतो तर रोनाने कांद्यासकट पाण्यात टाकलं असतं."

"तुम्हाला कुठून ऐकू आली?"

रावीरीने हनुवटीने मागचं दार दाखवलं. "मागून. पाण्यावरून."

तिसरी दिशा. लायनेलने कपाळ चोळलं.

"एक सांगू का?" रावीरीचा आवाज खाली आला. "यात काही नसेलही. इंजिन सुरू झाल्यावर नोएलीन आंटींना मी खाली चहा नेऊन दिला. डोकं दुखत होतं ना त्यांचं, वर आल्याच नव्हत्या. तर बिछान्यावर बसलेल्या, आणि दम लागलेला. मी म्हटलं, आंटी, बरं वाटत नाही का? तर म्हणाल्या, चहा ठेव आणि जा बाळा."

नोएलीन जेवणाच्या खोलीत एकटीच होती. टोपी झाली होती, हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. लायनेलला ती ओळख पटली. त्याच्या हातांचंही असंच व्हायचं.

"बसा," ती म्हणाली. "माझी पाळी का?"

"तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये. मर्विनसाठी फार वाईट वाटतंय मला."

"त्याला सवय आहे," ती म्हणाली, आणि तो शब्द तिलाच बोचला. "त्या कार्डावर काय असणार होतं हो? एक आवाज. हे लोक तो फाडून फाडून बघणार. शेवटी काहीतरी खोट काढणार. मग पुन्हा पहिल्यापासून हसणार. या खेपेला त्याला ते झेपायचं नाही."

"काल तुम्हाला खाली ऐकू आली का हाक?"

"आली ना."

"कुठून?"

"खाली बसलेल्याला कसं कळणार?" ती जरा थांबली. "एकदाच तर ओरडला तो."

"एकदाच?"

"म्हणजे, मला एकदाच आली." तिने खिडकीवरचं धुकं तळहाताने पुसलं. "तुम्ही इकडचे, तुम्हाला तेच नवल. मी उत्तरेकडची. पुरेओराच्या जंगलात लाकूडतोड्यांच्या तळावर वाढले. तिथे निळ्या ठिपक्यांचे कोकाको होते. मग झाडं गेली, तेही गेले."

दाराशी मर्विन आला. टोपी डोळ्यांवर उतरली होती. नोएलीन उठली, तिने टोपीची दुमडलेली कड दोन बोटांनी चाचपली, सारखी केली आणि पुन्हा खाली बसली.

त्या करड्या कडेवर एका जागी हिरव्या लोकरीचे चार टाके होते. घाईघाईत घातलेले.

४

लायनेल नाळेवर जाऊन उभा राहिला. कालही तो इथेच होता, बोटीच्या अगदी पुढे, सुकाणूच्या केबिनच्या काचांखाली. बोट संथ चालली होती. कडे जवळ येत होते आणि न भेटता मागे जात होते. झोपेत कोणीतरी पांघरूण ओढून घ्यावं तसं धुकं त्यांच्यावर सरकत होतं.

त्याने सगळ्यांना विचारलं होतं, मर्विन सोडून; त्याच्या कानांवर त्याचाच भरवसा नव्हता. आणखी एका माणसाला मात्र विचारायचं राहिलं होतं. तू कुठे होतास, लायनेल, आणि तुला कुठून ऐकू आली?

उत्तर त्याच्याकडे कालपासून होतं. मागून. डोक्यावरून. काल त्या क्षणी त्याला अगदी स्पष्ट वाटलं होतं की हाक आपल्या मागून, वरून आली. आणि पुढच्याच क्षणी सवयीप्रमाणे त्याने स्वतःला सांगितलं होतं, तुझंच काहीतरी चुकलं असणार. आयुष्यभर तो असंच सांगत आला होता. साक्षीदार म्हणून त्याने स्वतःला कधी उभंच केलं नव्हतं.

उजवीकडची म्हणते उजवीकडून, डावीकडचा म्हणतो डावीकडून, मागचा म्हणतो मागून. जो तो आपल्या समोर बघत होता, आणि खाडीने प्रत्येकाला त्याच्या समोरून आवाज परत दिला. असं एकाच जागेवरून होऊ शकतं. मध्यावरून. जिथे रोना केबिन रिकामी सोडून गेली होती आणि दोन्ही दारं उघडी होती.

हाक एकदाच दिली गेली. बाकीच्या दोन कड्यांच्या होत्या, आधी थोड्या जवळच्या कड्याची, मग लांबच्याची. डेकवरच्या सगळ्यांनी तीन मोजल्या. एकदाच असं कोण म्हणेल? जिने ती दिली ती.

आणि कार्ड? रोनाने घेतलं असतं तर यंत्रासकट पाण्यात गेलं असतं. क्रेसवेलने डब्यात फ्लॅनेलची घडी मर्विनसारखी घातली नसती. चोराला मर्विनची वस्तू दुखवायची नव्हती. कार्डसुद्धा फेकवलं नव्हतं. सगळ्यांचे खिसे तपासून झाले, पण ज्याच्याकडे चोरी झाली त्याला कोण तपासतं?

लायनेलला आपलं म्हणणं बरोबर वाटलं, आणि म्हणूनच त्याला भीती वाटली.

५

"टाका सुटलाय वाटतं," तो नोएलीनला म्हणाला. "टोपीचा. हिरवा."

नोएलीनने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून नवऱ्याकडे गेली. "दे रे ती इकडे. एक टाका राहिलाय." मर्विनने टोपी दिली. लायनेलने यंत्र बघायला मागितलं, तेही त्याने दिलं. मग नोएलीन आणि लायनेल खालच्या खोलीत जाऊन बसली. तिने दातांनी हिरवी लोकर तोडली आणि कार्ड तळहातावर काढलं.

"पाण्यात टाकायला गेले होते," ती म्हणाली. "हात उघडला नाही."

"ही हाक कधी शिकलात?"

"सहा वर्षांची असेन. बाप पहाटे खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, बोलाव त्यांना. मी ओंजळ करून फुंकायची." तिने हात जुळवून दाखवले, अंगठ्यांमध्ये फट ठेवून. "मर्विनने ती हाक ऐकली ना, त्या दिवसापासून तीस वर्षं ओंजळ केली नाही. लोक म्हणाले असते, बायकोच वाजवत होती."

"मग काल का?"

"हिवाळ्यानंतर त्याला काही ऐकू येणार नाहीये. एकदा तरी त्याच्या कानात ती जावी असं वाटलं. रोनाचा नियम होता ना, कोणाकडे काही राहणार नाही, फक्त ऐकणं. मी म्हटलं, ऐकण्याला कोण पुरावा मागतं? मला काय ठाऊक, याच्या कोटात ते चालू आहे." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्या समितीला पाच मिनिटांत कळलं असतं ते माणसाचं आहे. तीस वर्षांपूर्वीचं खरंही मग खोटं ठरलं असतं. लायनेल, सापडलं नाही म्हणून सांगा ना. तुमचं काय जातंय?"

त्याचं खरंच काही जात नव्हतं. मर्विनचं मात्र दोन्हीकडून जात होतं. कार्ड हरवलं तर पुरावा गेला, सापडलं तर अब्रू.

"एकदा ऐकू या," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही म्हणूनच म्हणाला.

इयरफोनची एक गोळी तिच्या कानात, एक त्याच्या. आधी कोटाच्या कापडाची खसखस, पाऊस. मग ती हाक, रिकाम्या चर्चमध्ये कोणी ऑर्गनचे तीन सूर दाबून धरावेत तशी. मग कड्याची. मग दुसऱ्या कड्याची. त्यानंतर मर्विनचा श्वास अडकला आणि एक हुंदका आला, म्हाताऱ्या माणसाचा, दाबलेला. नोएलीनने डोळे मिटले.

लायनेल बंद करणार होता. तिने त्याचा हात धरला.

पाऊस. बराच वेळ नुसता पाऊस. आणि मग फार लांबून, पावसाच्या मागून, तीन सूर. त्यांच्यामागून एकच पडसाद.

रोनाच्या बुटांचा आवाज, आणि इंजिन.

"ते माझं नव्हे," नोएलीन कुजबुजली.

त्यांनी पुन्हा ऐकलं. लायनेल स्वतःशी वाद घालत होता. तुई असेल, तो नकला करतो. वारा असेल. तुझेच कान असतील. पण मध्यावरून दिलेल्या हाकेला दोन कडे उत्तर देतात. एका कड्यावरून दिलेल्या हाकेला एकच, समोरचा. हे त्याचं त्यालाच खोडता येईना.

"काल कोणालाच कसं ऐकू आलं नाही?" तिने विचारलं.

"पहिली इतकी मोठी होती, की सगळे तिच्यातच होते," तो म्हणाला. "मीसुद्धा."

६

नोएलीनने ते नवऱ्याला स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर, सुकाणूच्या केबिनमध्ये उभं राहून. "कार्ड मी घेतलं, मर्व. कालची हाकही माझीच होती. त्यानंतरची कोणाची, ते तू सांग."

रोनाने बोटीचा वेग कमी केला. रावीरी हात पुसत दाराशी आला होता. क्रेसवेलने खाली बघितलं.

मर्विनने तिच्या हातातली टोपी घेतली. मग म्हणाला, "सूर जरा खाली होता. दुसरा. मला वाटलं माझ्या कानांचा दोष."

"माझे दात गेलेत आता. हवा सुटते."

"तीस वर्षं गप्प राहिलीस, आणि मग हे?"

"हो."

त्याने इयरफोन दोन्ही कानांत घातले आणि आवाज पूर्ण वाढवला. बायकोची हाक त्याला ऐकू आली, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो वाट बघत राहिला. कपाळावर आठ्या चढल्या. यंत्र इंजिनाच्या आवाजापर्यंत पोहोचलं आणि त्याने ते काढलं.

"पुढे काही नाही," तो म्हणाला. "नुसता पाऊस आहे."

नोएलीनने तोंडावर हात ठेवला. जी खरी होती ती त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नव्हती.

क्रेसवेलने हात पुढे केला. "मी ऐकू?" त्याने ऐकलं. एकदा, दोनदा. मग यंत्र खाली ठेवलं. "यावरून मी काहीच सांगू शकत नाही, मर्विन. फार लांब आहे. पुरावा म्हणून..." त्याला पुढचा शब्द उच्चारवेना.

"अपुरा," मर्विन म्हणाला. "म्हण की. पाठ आहे मला." पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. "रोना, वळवशील?"

"बस चुकेल."

"चुकू दे की," रावीरी म्हणाला. "कॉड आहे भरपूर."

रोनाने सुकाणू फिरवलं. 'मॉलीमॉक' धुक्यात अर्धवर्तुळ काढून आली तिथे परत निघाली. खाडीच्या मध्यावर, कालच्याच जागी, बोटीचं तोंड कालच्याच दिशेला करून तिने वेग उतरवला आणि पिंजरा हातात घेऊन डेकवर आली. ती पिंजरा कोणापुढे धरणार इतक्यात मर्विन पुढे झाला. आवाजाचं यंत्र त्याने फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं, कार्डासकट, आणि पिंजऱ्यात ठेवलं.

"खात्री आहे?" क्रेसवेलने विचारलं. "या खेपेला चालू ठेवलंस तरी कोणी काही म्हणणार नाही."

"नियम आहे तिचा," मर्विन म्हणाला.

इंजिन थांबलं. जनरेटर थांबला. फ्रिजची गुरगुर विरली. सगळे कालच्याच जागी गेले, रोना उजवीकडे, क्रेसवेल डावीकडे, रावीरी मागे, या वेळी कांद्याशिवाय. लायनेल नाळेवर. मर्विन त्याच्या शेजारी, टोपी पुन्हा डोक्यात घालून. नोएलीन केबिनमध्ये चढली, दोन्ही उघड्या दारांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने हातांची ओंजळ केली.

तीन सूर गेले. डाव्या कड्याने ते परत दिले, मग उजव्याने. मग पाऊस सगळ्यावर पुन्हा मिटून आला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. लायनेलला वाटलं आपण झोपेत आहोत, आणि झोपेतही आपण चुकतोय. मग त्याला ते ऐकू आलं, आणि आपोआप त्याचा हात वर गेला. मोडक्या शेंड्याच्या रिमूच्या पलीकडे, ढगाच्या कडेशी.

त्याने वळून बघायचं धाडस केलं. रोनाचा हात वर होता, त्याच दिशेला. मागे रावीरीचा होता. केबिनच्या दारात नोएलीनचा. आणि डाव्या कठड्याकडे पाठ फिरवून, अख्खी बोट ओलांडून, क्रेसवेलचा हात सरळ उजव्या कड्याकडे रोखलेला होता.

मर्विनने एकेकाचा हात पाहिला. मग तो त्या कड्याकडे वळला आणि त्याने टोपी कानांवरून वर सरकवली.